खडूच्या डोंगरावरची पाणंद: रिजवेवर ग्रॅव्हल सायकल चालवताना

प्रश्न: पुण्यात चार वर्षं रोड बाईक चालवली, सिंहगड-पानशेतच्या फेऱ्या नेहमीच्या. जानेवारीत नोकरीनिमित्त इंग्लंडात स्विंडनला आलो. इथे बरेच जण ग्रॅव्हल रायडिंग, म्हणजे खडीच्या-मातीच्या आडवाटांवर सायकलिंग, करतात म्हणून वापरलेली ग्रॅव्हल बाईक घेतली, ३५ मिमीचे टायर आहेत. फेब्रुवारीत पहिल्याच फेरीत दोन पंक्चर झाली, डोंगराखालच्या शेतांत चाकं चिखलाने जाम झाली, आणि शेवटी एका शेतकऱ्याने इथे सायकल चालत नाही म्हणून उतरवलं. मोबाइलमधल्या ॲपने तर तोच रस्ता दाखवला होता. सायकल बदलू का? रिजवे ही डोंगरमाथ्यावरची जुनी वाट घरापासून जवळ आहे. तो एकट्याने करता येईल का?

उत्तर:

सायकल बदलू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींत सायकलचा दोष अगदी थोडा आहे. पंक्चर, चिखल आणि शेतकरी, तिन्हींचं कारण पायाखालच्या जमिनीत आहे. मी वाँटेजजवळ, रिजवेच्या पायथ्याशी चौदा वर्षं राहते आणि बाराही महिने या डोंगरावर सायकल घेऊन जाते. माझ्याबरोबर नव्याने येणाऱ्यांना मी सायकलीबद्दल शेवटी सांगते. आधी ही वाट कोणाची, माती कुठली आणि महिना कुठला, हे तीन प्रश्न विचारायला शिकवते. तुमची फेरी या तिन्ही प्रश्नांवर अडली.

शेतकऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो बरोबर होता.

आपल्याकडे शेतातून जाणारी पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट असते आणि तिच्यावरून वहिवाटीची भांडणं तहसीलदारापर्यंत जातात. इंग्लंडातही जमीन खाजगीच असते, पण तिच्यातून जाणाऱ्या वाटेवर लोकांचा हक्क असतो आणि तो कोणी कसा वापरायचा हे ठरलेलं असतं. प्रत्येक काउंटीकडे या वाटांची अधिकृत नोंद असलेला नकाशा आहे. वाटा चार प्रकारच्या. पहिली फूटपाथ. इथल्या खेड्यात फूटपाथ म्हणजे रस्त्याकडेची फरशी समजू नका, ती शेतातून जाणारी पायवाट, फक्त चालणाऱ्यांसाठी. दुसरी ब्रायडलवे, म्हणजे चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले. तिसरी रिस्ट्रिक्टेड बायवे, तिच्यावर घोडागाडीही चालते पण इंजिनाचं वाहन नाही. चौथ्या प्रकारच्या बायवेवर सगळ्यांना मुभा, मोटारीलासुद्धा. फाटकांवर आणि खांबांवर छोट्या बाणांच्या चकत्या ठोकलेल्या असतात: फूटपाथला पिवळा बाण, ब्रायडलवेला निळा, रिस्ट्रिक्टेड बायवेला जांभळा, सगळ्यांच्या बायवेला लाल. पिवळा दिसला की उतरायचं. कुंपणावर चढून ओलांडायची लाकडी पायरी दिसली, तिला इथे स्टाइल म्हणतात, तर ती पायवाट आहे हे बाण न बघताही समजावं. घोडा तिच्यावरून जाऊ शकत नाही, मग सायकलचाही हक्क नाही.

ब्रायडलवेवरचा आपला हक्क फार जुना नाही. १९६८च्या कंट्रीसाइड ॲक्टने तो दिला, आणि देताना अट घातली की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला सायकलवाल्याने वाट द्यायची. वाट सायकलसाठी गुळगुळीत ठेवायची जबाबदारी मात्र त्याच कायद्याने कोणावर टाकली नाही. त्यामुळे नकाशावर हिरवी रेघ आहे म्हणून खाली चालण्याजोगी जमीन असेलच असं धरून चालू नका. शेताच्या मधून जाणारा ब्रायडलवे शेतकऱ्याला पेरणीपूर्वी नांगरताही येतो. चौदा दिवसांत त्याने तो निदान दोन मीटर रुंद करून, दाबून परत द्यावा असा नियम आहे. शेताच्या कडेने, बांधालगत जाणारा ब्रायडलवे मात्र नांगरता येत नाही. म्हणून मार्ग आखताना शेत चिरत जाणाऱ्या वाटेपेक्षा बांधाची वाट मी नेहमी आधी घेते.

तुमच्या ॲपचं काय झालं असेल याचा अंदाज करता येतो. अशी ॲप्स बहुतेक वेळा आधी कोण कुठून गेलं यावरून रस्ता सुचवतात. दहा जण चुकून पायवाटेने गेले की अकराव्यालाही तीच वाट दाखवली जाते. मार्ग कुठल्याही ॲपवर आखा, पण निघण्याआधी तो ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० नकाशावर ठेवून बघा. तुमच्या भागासाठी एक्सप्लोरर मालिकेतले १५७, १६९ आणि १७० हे नकाशे लागतील, मोबाइलवरही मिळतात. हिरव्या तुटक रेघेचे तुकडे छोटे असतील तर पायवाट, लांब असतील तर ब्रायडलवे, रेघेला आडवे फाटे असतील तर बायवे. पायवाटेवर सायकल चालवणं हा सहसा फौजदारी गुन्हा ठरत नाही, तो जमीनमालक आणि तुमच्यामधला दिवाणी मामला असतो. पण म्हणून दुर्लक्ष करू नका. इंग्लंडातल्या सगळ्या हक्काच्या वाटांपैकी जेमतेम पाचातली एक सायकलला खुली आहे. आणखी वाटा खुल्या व्हाव्यात म्हणून बरेच जण वर्षानुवर्षं झटत आहेत, आणि पायवाटेवरून सुसाट जाणारा प्रत्येक सायकलवाला त्यांचं काम अवघड करतो. पुन्हा कोणी हटकलं तर सॉरी म्हणा, उतरा, सर्वांत जवळचा ब्रायडलवे कुठला ते त्यालाच विचारा. मला अशा वेळी तीन-चारदा तरी नकाशावर मिळाली नसती अशी माहिती मिळाली आहे: पुढच्या फाटकापाशी गाय व्यायली आहे, ओढ्याची फळी तुटली आहे, वगैरे.

आता माती.

ग्रॅव्हल हा शब्द सायकलीला चिकटला तो अमेरिकेत. तिकडे मैलोन्‌मैल खडीचे सरळ रस्ते आहेत. इंग्लंडात तसले रस्ते जवळजवळ नाहीतच. पण आडवाटांनी सायकल नेण्याची हौस इथे जुनी आहे. १९५५ साली हेरफर्डशरमधल्या लेमस्टर गावात रफ स्टफ फेलोशिप नावाचा क्लब निघाला, तोही साध्या टूरिंग सायकली घेऊन. इंग्लंडात तुम्ही ग्रॅव्हलवर सायकल चालवता म्हणजे दर दोन-तीन किलोमीटरला बदलणाऱ्या मातीवर चालवता.

स्विंडनच्या दक्षिणेला जी डोंगराची भिंत दिसते ती खडूची आहे, शाळेत फळ्यावर लिहायचो तसल्या पांढऱ्या दगडाची. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट लाव्हारसातून आला. हा दगड समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचा थर साचून तयार झाला, डायनोसोर होते त्या काळात. खडू पाणी पिऊन घेतो. पाऊस पडला की पाणी आत मुरतं आणि डोंगराच्या पायथ्याशी, जिथे खडू संपून चिकणमाती लागते तिथे, झऱ्यांनी बाहेर येतं. म्हणून तर बिशपस्टोन, ॲशबरी, वुलस्टोन ही गावं एका ओळीत, नेमकी त्या झऱ्यांच्या रेघेवर वसली आहेत. त्याच्या खाली व्हेल ऑफ व्हाइट हॉर्सचा सखल भाग, सगळी चिकणमाती. तुमची चाकं जाम झाली ती इथे.

आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीचं चाक कसं भरत जातं ते पाहिलं असेल, तर ही माती ओळखीची वाटेल. ऑक्टोबर ते मार्च ती सायकल चालवायच्या लायकीची नसते. रुंद टायर लावा, खोल नक्षीचे लावा, काही फरक पडत नाही. चाकावर मातीचा थर चढतो, थरावर गवत चिकटतं, फ्रेमला घासून चाक थांबतं, आणि जोर लावून पॅडल मारलं तर मागचा गियर ओढणारा भाग चाकात जाऊन तुटतो. तशा चिखलात काडीने माती काढून सायकल खांद्यावर घ्यावी आणि डांबरी रस्ता गाठावा. त्या महिन्यांत मी डोंगराखालच्या शेतांच्या वाटेला जातच नाही. वर राहते, किंवा चिझल्डन ते मार्लबरो या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर जाते. तिथे जुन्या रुळांखालची भर असल्यामुळे पाणी साचत नाही. तुम्हाला तर तो अगदी दारात आहे.

खडूचे स्वतःचे नखरे आहेत. पूर्ण कोरडा असेल तेव्हा त्याच्यासारखी जमीन नाही, मुरमाच्या रस्त्यापेक्षाही छान. पण नुसता वरून ओला झाला की पृष्ठभागावर दुधासारखी राबडी तयार होते आणि तिच्यावर टायर साबणावर घसरावा तसा घसरतो. अशा वेळी वळणाच्या आधी, चाक सरळ असताना ब्रेक मारून घ्यावा आणि वळणात सायकल शक्य तेवढी उभी ठेवावी. चढावर उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, म्हणून बसून, हलक्या गियरमध्ये, अंग थोडं पुढे वाकवून चढायचं.

आणि चाकोऱ्या. हा शब्द आपण बोलण्यात नेहमी वापरतो, त्याचा मूळ अर्थ मला रिजवेवर पहिल्या आठवड्यातच कळला. हिवाळ्यात ट्रॅक्टर आणि जीप गाड्या ओल्या मातीत दोन खोल खाचा पाडतात, मे महिन्यात त्या सुकून सिमेंटसारख्या होतात. पुढचं चाक एकदा खाचेत उतरलं की तिच्या कडेला घासून, तिरकं वळवून बाहेर येत नाही. हँडल वळवलं तरी चाक खाचेतच राहतं आणि आपण सरळ खांद्यावर पडतो. पडलेल्यांपैकी बहुतेक जण असेच पडलेले मी पाहिले आहेत, उतारावर नव्हे, सपाटीला. त्यामुळे दोन चाकोऱ्यांच्या मधल्या गवताळ उंचवट्यावरून चालवा. खाचेत गेलातच तर तिच्यातच राहा, वेग कमी करा, नजर दहा मीटर पुढे ठेवा आणि खाच उथळ होईल तिथे पुढचं चाक उचलून बाहेर काढा. घाबरून टायरकडे बघितलं की गेलात.

पंक्चरांकडे येते. तुम्ही फेब्रुवारीत गेला होता, तेवढ्यावरून मला शंका आली. इंग्लंडात शेताच्या कुंपणाला जिवंत झुडपं असतात, त्यांत हॉथॉर्न सर्वांत जास्त, बोरीच्या काट्यासारखा टणक काटा. पक्षी घरटी करतात म्हणून १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात ही कुंपणं छाटायला शेतकऱ्यांना मनाई असते. त्यामुळे सगळी छाटणी सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर उरकली जाते, ट्रॅक्टरच्या यंत्राने, आणि काटेरी तुकडे गल्लीभर पसरतात. छाटणीचा ट्रॅक्टर दिसला किंवा कुंपणाची टोकं ताजी, पांढरी दिसली, की त्या गल्लीतून सायकल हाताने न्यावी. तुमच्या टायरात अजून एखादा काटा अडकलेला असेल. नवी ट्यूब घालण्याआधी जुना मोजा हातावर चढवून टायरच्या आतून फिरवा, काटा असेल तिथे धागा अडकतो. नुसत्या बोटाने करू नका, रक्त निघतं.

दुसरी वैरीण गारगोटी. खडूच्या थरांत गारगोटीचे गोळे असतात, फुटले की कडा काचेसारखी होते. अश्मयुगातल्या माणसांनी तिचीच हत्यारं केली. काट्याने बारीक भोक पडतं, ते टायरातलं सीलंट, म्हणजे आत भरलेला चिकट द्रव, आपोआप बुजवतं. गारगोटीने टायरच्या कुशीला चीर जाते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये रिजवेवरच्या वेलँड्स स्मिदी या प्राचीन दफनस्थानापासून थोडी पुढे गेले होते, उन्हाने रस्ता इतका पांढरा झाला होता की डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते. एक गारगोटी चाकाखालून उडाली, फिस्स आवाज आला आणि पोटरीवर सीलंटचा गार फवारा बसला. मागच्या टायरला अंगठ्याच्या नखाएवढी चीर. रबराची वळी ठोसून पाहिली, एक, मग दोन, हवा भरली की दोन्ही बाहेर. शेवटी टायर सोडवला, आतलं चिकट पुसलं आणि पाकिटातली पाच पौंडांची नोट काढली. इथल्या पाच पौंडांच्या नोटा २०१६पासून प्लॅस्टिकच्या आहेत, कागदासारख्या फाटत नाहीत. नोटेची चौपदरी घडी चिरेच्या आतून बसवली, ट्यूब घातली आणि नेहमीपेक्षा कमी हवा भरली. चिरेतून नोटेचा निळसर रंग दिसत होता. अकरा किलोमीटर तशीच सायकल चालवत घरी आले. ती नोट आजही माझ्या हत्यारांच्या पिशवीत आहे. नोट नसेल तर जुन्या टायरचा दोन बोटांएवढा तुकडा कापून जवळ ठेवा, तोही चालतो.

म्हणून खर्च करायचाच तर टायरवर करा. फ्रेममध्ये बसत असतील तर ४० ते ४५ मिमीचे, कूस मजबूत असलेले, ट्यूबलेस. टायर आणि फ्रेमच्या मध्ये दोन्ही बाजूंना पेन्सिल सहज जाईल इतकी जागा राहिली पाहिजे, नाहीतर चिखलात पुन्हा तीच गत. रोड बाईकवाल्यांची हवा ठासून भरायची सवय सोडा. तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर ४५ मिमीच्या ट्यूबलेस टायरला मागे ३०-३२ आणि पुढे २७-२८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पासून सुरुवात करून बघा, मग दोन-दोनने कमी-जास्त करा. रिम दगडावर आपटल्याचा टण्‌ आवाज आला तर कमी पडली. सीलंट काही महिन्यांत आटतं, तीन-चार महिन्यांनी टायर कानाशी हलवून आवाज ऐका. सध्याच्या ३५ मिमीच्या टायरवर उन्हाळा निघेल, पण ट्यूब घालूनच चालवायचं असेल तर हवा थोडी जास्त ठेवा, कारण ट्यूब रिम आणि दगडाच्या कात्रीत सापडते.

बाकी सायकलबद्दल दोनच गोष्टी. मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला पुढच्या सर्वांत लहान चक्राइतके किंवा त्याहून जास्त दाते हवेत. डोंगराची ही उत्तरेकडची बाजू सिंहगडाइतकी लांब नाही, पण काही चढ त्याहून उभे आहेत आणि खाली डांबर नाही. दुसरं, खडूची राबडी म्हणजे चेनला आणि ब्रेक पॅडला लावलेला पॉलिश पेपर. घरी आल्याबरोबर, ती वाळायच्या आत, बादलीभर पाणी आणि ब्रशने धुवा. वाळली तर प्लास्टरसारखी बसते. जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका. डिस्क ब्रेकचे मऊ पॅड ओल्या हिवाळ्यात बघता बघता झिजतात, धातूमिश्रित पॅड घातलेले बरे.

आता रिजवे. पूर्ण राष्ट्रीय वाट (नॅशनल ट्रेल) ८७ मैलांची, एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत. १९७३ साली ती अधिकृतपणे सुरू झाली, वाट मात्र हजारो वर्षं वापरातली. सायकलवाल्याने लक्षात ठेवायचं ते हे, की थेम्स नदीच्या पश्चिमेचा अर्धा भाग, ओव्हरटन हिल ते स्ट्रीटली, सुमारे ४३ मैल, सगळाच्या सगळा सायकलला खुला आहे. नदीच्या पूर्वेला काही तुकडे पायवाटेचे आहेत, तिथे ब्रायडलवेने वळसा घ्यावा लागतो. तुमचं घर चांगल्या अर्ध्याच्या जवळ आहे.

पहिली फेरी मे महिन्यात, चार-पाच दिवस पाऊस नसेल तेव्हा करा. स्विंडनहून वॉनबरो गावातून डांबरी रस्त्याने फॉक्सहिलला चढा आणि तिथून पूर्वेला रिजवे धरा. सहा-साडेसहा किलोमीटरवर डावीकडे बीच झाडांचा गोल राखून ठेवलेला दिसेल, तीच वेलँड्स स्मिदी, सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान. सायकल बाहेर टेकवून आत चालत जा. पाच मिनिटं तरी त्या मोठाल्या उभ्या दगडांपाशी बसा, मी इतक्या वेळा गेले तरी न थांबता पुढे गेलेली नाही. तिथून दोन किलोमीटरवर अफिंग्टन कासल, लोहयुगातली मातीची तटबंदी. किल्ला म्हणून बुरुज शोधू नका, खंदक आणि मातीची वरवंडी एवढंच आहे, पण २६१ मीटरवरून खालचा सगळा सखल भाग दिसतो. तिच्याच खाली उतारावर खडू भरून काढलेला ११० मीटर लांबीचा पांढरा घोडा. तीन हजार वर्षांच्या आसपास जुना, आणि तो अजून दिसतो तो केवळ लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तण काढून, नवा खडू कुटून भरला म्हणून. आजही उन्हाळ्यात स्वयंसेवक गुडघ्यावर बसून हातोडीने खडू ठोकतात. तिथल्या गवतावर सायकल फिरवू नका. येताना खाली उतरून ॲशबरी, इडस्टोन, बिशपस्टोन या झऱ्यांच्या गावांतून डांबरी रस्त्याने घरी या. सगळं मिळून ४० किलोमीटरच्या आसपास होईल.

दुसऱ्या फेरीला चिझल्डनहून बार्बरी कासलला चढा, तिथून स्मीद्स रिजच्या गवताळ धारेने ऑगबर्न सेंट जॉर्जला उतरा आणि मघाशी सांगितलेल्या रेल्वेमार्गाने परत. त्या धारेवर मे-जूनमध्ये चंडोल गात असतात, दिसत नाहीत, फक्त डोक्यावरून आवाज येत राहतो. या दोन फेऱ्या जमल्या की ओव्हरटन हिल ते स्ट्रीटली एका दिवसात, साधारण ७० किलोमीटर, आणि नदीपलीकडच्या गोरिंग स्टेशनहून डिडकॉटला गाडी बदलून घरी. काही गाड्यांत सायकलसाठी आधी जागा राखावी लागते, तेवढं बघून ठेवा. पुढच्या वर्षी वाटलं तर किंग आल्फ्रेड्स वे आहे, विंचेस्टरहून निघून विंचेस्टरलाच परत येणारी ३५० किलोमीटरची फेरी. सायकलिंग यूके या सायकलस्वारांच्या संस्थेने ती २०२०मध्ये आखली, आणि तिच्यात तुमचा हा रिजवेही येतो. वाटेत सॉल्झबरी प्लेनवर लष्कराचा सराव चालतो. तिथे लाल निशाण दिसलं की नकाशा काहीही सांगो, आत जायचं नाही.

घोड्यांबद्दल वेगळं सांगते, कारण रोड बाईकवाले इथेच चुकतात. लँबर्न आणि आसपासची गावं शर्यतीच्या घोड्यांची, सकाळी रिजवेवर रांगाच्या रांगा भेटतात. घोड्याला मागून आवाज न करता येणारी वस्तू म्हणजे शिकारी जनावर. घंटी वाजवली तर कधी कधी तो आणखी बुजतो. लांबूनच माणसाच्या आवाजात काहीतरी बोला, नुसतं गुड मॉर्निंग पुरतं. आवाज ऐकला की घोडा ओळखतो की हा माणूस आहे. मग चालण्याच्या वेगाने, दोन मीटर तरी अंतर ठेवून, स्वाराने हो म्हटल्यावर पुढे जा. समोरून येत असेल तर थांबा. मी दर वेळी एक पाय खाली टेकते. स्वारांनी हसून हात केला नाही असं फार क्वचित झालं आहे. गाईंच्या कळपात वासरं असतील तर उतरून, त्यांना मोकळी जागा देत, वळसा घालून जा. आणि फाटक जसं असेल तसं ठेवा, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. उघडं ठेवण्यामागे शेतकऱ्याचा हेतू असतो, बहुधा पाण्याकडे जायची जनावरांची वाट.

पाणी घरून न्या, दोन बाटल्या. खडू पाणी पिऊन घेतो म्हटलं ना, त्यामुळे वर ना झरा ना विहीर. नळ मोजके आहेत आणि दुकानं सगळी खालच्या गावांत. खायला मी गूळपोळी आणि चिक्की नेते, थंडीत एनर्जी जेलच्या पाकिटांपेक्षा कितीतरी बरी.

एकट्याने जाता येतं. मी बऱ्याचदा एकटीच जाते. घरी मार्ग आणि परतायची वेळ सांगून जा. डोंगरावर मोबाइलला रेंज असते, खालच्या घळींत जाते, आणि बोलण्याइतकी रेंज नसली तरी संदेश कधी कधी जातो. ९९९ या इथल्या आपत्कालीन नंबरला संदेश पाठवून मदत मागता येते, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते: 'रजिस्टर' एवढा एक शब्द इंग्रजीत ९९९ला पाठवायचा आणि उत्तर येईल तसं करायचं. आजच करून ठेवा. उंच गवतातून आलात की रात्री अंघोळीला गुडघ्यामागे, कमरेशी गोचीड चिकटली आहे का बघा, आणि काही दिवसांत गोल चट्टा वाढत गेला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा, इथे तिच्यापासून लाइम आजार होतो.

राहिला उजेड. डिसेंबरात इथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यातल्या फेऱ्या सकाळीच उरकाव्या लागतात. मेच्या मध्याला तोच सूर्य नऊपर्यंत असतो. तेव्हा रविवारची वाट बघायची गरज नाही. ऑफिसातून साडेपाचला निघालात तर पांढऱ्या घोड्यापर्यंत जाऊन उजेडात घरी येता.